भिंतीएवढी चित्रफीत, वाटसरूएवढा वेळ

कलादालनातली व्हिडिओ कलाकृती उचलून शहरातल्या एखाद्या इमारतीच्या भिंतीवर आणली, की तिच्याकडून तीन गोष्टी ताबडतोब काढून घेतल्या जातात: अंधार, आवाज आणि बाकावर बसून राहणारा प्रेक्षक. शहरात अंधार नसतोच, कारण शेजारच्या जाहिरातींचा, दुकानांचा आणि वाहनांचा उजेड त्याच भिंतीवर येऊन पडत असतो. आवाज लावायची परवानगी सहसा मिळत नाही, आणि मिळाली तरी रहदारीत तो ऐकू येत नाही. राहता राहिला प्रेक्षक, तर तो बस पकडायला निघालेला असतो. त्याने ही कलाकृती पाहायचे ठरवलेले नसते, ती कधी सुरू झाली आणि कधी संपणार हेही त्याला ठाऊक नसते. समकालीन आशियाई व्हिडिओ कलेच्या अशा खुल्या प्रदर्शनांविषयी जे लिहिले जाते, त्यात बहुतेक वेळा पडद्याच्या लांबीरुंदीचेच कौतुक असते. मला मात्र या तीन गोष्टी गेल्यावर कलाकृतीजवळ काय उरते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटत आला आहे. जी कलाकृती हे नुकसान गृहीत धरून बेतलेली असते ती रस्त्यावर तग धरते. बाकीच्या, दालनात कितीही चांगल्या वाटल्या असल्या तरी, शेजारच्या जाहिरातींत मिसळून जातात.

कोरियन कलावंत किमसूजा यांची ‘अ नीडल वुमन’ ही मालिका या दृष्टीने पाहण्यासारखी आहे, जरी ती मुळात दालनांसाठी केलेली असली तरी. १९९९ ते २००१ या काळात टोकियो, शांघाय, दिल्ली, न्यू यॉर्क, मेक्सिको सिटी, कैरो, लागोस आणि लंडन अशा आठ शहरांत त्या भर गर्दीत कॅमेऱ्याकडे पाठ करून निश्चल उभ्या राहिल्या. साधे गडद कपडे, पाठीवर सोडलेले लांब केस आणि समोरून अंगावर येणारी, त्यांना वळसा घालून पुढे जाणारी माणसे, एवढेच त्यात दिसते. चित्रफीत ६ मिनिटे ३३ सेकंदांची आहे आणि तिला आवाज नाही. टोकियोतली माणसे त्यांच्याकडे जवळपास पाहतच नाहीत. इतर काही शहरांत लोक थबकतात, वळून बघतात, आणि आपल्याला किमसूजा यांचा चेहरा कधीच दिसत नसल्यामुळे त्या बघणाऱ्यांचे चेहरेच कलाकृतीचा विषय होऊन बसतात. कोठूनही पाहायला सुरुवात केली तरी काही बिघडत नाही, कारण यात घडायचे असे काही बाकी नसते. २००५ साली न्यू यॉर्कच्या ‘क्रिएटिव्ह टाइम’ या संस्थेने टाइम्स स्क्वेअरमधल्या एका मोठ्या पडद्यावर दर तासाचे शेवटचे मिनिट कलेला देण्याच्या आपल्या उपक्रमात किमसूजा यांच्या याच पठडीतल्या चित्रफिती दाखवल्या. पडद्यावर रस्त्यातली निश्चल बाई आणि पडद्याखाली घाईतली माणसे, अशी ती जोडणी होती. एका मिनिटात जे सांगून होते तेच सहा मिनिटांतही सांगितले जाते, फक्त अधिक खोल जाते. रस्त्यासाठी याहून सोयीची रचना शोधून सापडणार नाही.

व्हिडिओ कलेचे आणि मोकळ्या जागेचे नाते तसे पहिल्यापासूनचे आहे, आणि त्यात आशियाई कलावंत आरंभीच होते. सोलमध्ये जन्मलेल्या नाम जून पैक यांनी १९६३ मध्ये जर्मनीतल्या वुपर्टाल येथे दूरचित्रवाणी संचांची चित्रे बिघडवून मांडलेले प्रदर्शन व्हिडिओ कलेच्या इतिहासाचे पहिले पान मानले जाते. योको ओनो यांच्या १९६६ च्या ‘स्काय टीव्ही’मध्ये छतावर बसवलेला कॅमेरा बाहेरचे आकाश थेट दालनातल्या संचावर दाखवत राही, म्हणजे आज आपण दालनातले चित्र बाहेर नेतो, तर त्यांनी बाहेरचे आत आणले होते. पैक यांनी पुढे १ जानेवारी १९८४ रोजी उपग्रहाच्या साहाय्याने न्यू यॉर्क आणि पॅरिस जोडून ‘गुड मॉर्निंग, मिस्टर ऑरवेल’ हा थेट कार्यक्रम केला. त्याचे प्रेक्षक आपापल्या घरी बसलेले होते, पण कलादालनाच्या दारातून आत न येणारा प्रेक्षक गाठायचा हा हेतू तेथे स्पष्ट होता.

रस्त्यावरच्या पडद्याला मात्र तंत्राची वाट पाहावी लागली. टोकियोतल्या शिंजुकु भागातील स्टुडिओ अल्टाच्या इमारतीवर १९८० साली मोठा पडदा आला, तो एकरंगी होता. भर दुपारीही दिसेल असे रंगीत चित्र मिळवायचे तर लाल, हिरवा आणि निळा असे तिन्ही प्रखर दिवे हवेत, आणि त्यांतला निळा एलईडी कोणालाच नीट जमत नव्हता. शुजी नाकामुरा यांनी जपानच्या निचिया कंपनीत तो तयार केला आणि १९९३ मध्ये कंपनीने तो जाहीर केला. इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल याच कामासाठी मिळाले. आज जगभरच्या चौकांत जे पडदे झळकतात ते सगळे त्या निळ्या दिव्याचे ऋणी आहेत. अर्थात ते पडदे उभारले गेले जाहिरातींसाठी. कला तेथे नेहमीच उसन्या वेळेत येते, हे विसरून चालत नाही.

या नियमाला मोठा अपवाद हाँगकाँगचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये उघडलेल्या ‘एम प्लस’ या संग्रहालयाची इमारत हर्झॉग आणि डे म्यूरॉन या वास्तुरचनाकारांनी आखली आणि तिचा दक्षिणेकडचा, व्हिक्टोरिया बंदराकडे तोंड असलेला दर्शनी भागच पडदा म्हणून योजला. तो सुमारे ६५.८ मीटर उंच आणि ११० मीटर रुंद आहे. एलईडी दिवे भिंतीवरच्या आडव्या पट्ट्यांत बसवलेले असल्यामुळे इमारतीच्या पायथ्याशी उभे राहिले तर नुसत्या प्रकाशाच्या रेषा दिसतात. चित्र जुळते ते पाण्यापलीकडे, हाँगकाँग बेटाच्या किनाऱ्यावरून, फेरीबोटीतून किंवा एखाद्या उंच इमारतीच्या खिडकीतून. संग्रहालयाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला त्याच संग्रहालयाची सर्वांत मोठी कलाकृती दिसू नये, ही गोष्ट मला फार आवडते. या पडद्याचा प्रेक्षक तिकीट काढलेला नसतो. तो समोरच्या किनाऱ्यावर जेवण उरकून फिरायला आलेला असतो.

एवढ्या अंतरावरून आवाजाचा प्रश्नच उरत नाही, म्हणून तेथे दाखवलेल्या कामांत कलावंतांनी आवाजाचे काय केले हे पाहणे उद्बोधक ठरते. २०२२ मध्ये एलन पाउ यांची ‘द शेप ऑफ लाइट’ ही कलाकृती तेथे झळकली. पाउ हाँगकाँगच्या व्हिडिओ कलेतल्या अगदी आरंभीच्या कलावंत. १९८६ मध्ये ‘व्हिडिओटेज’ ही संस्था ज्यांनी सुरू केली त्यांपैकी त्या एक, आणि पोटापाण्याचा व्यवसाय म्हणाल तर रुग्णालयात क्ष-किरण तंत्रज्ञाचा. शरीराच्या आतले चित्र प्रकाशाने काढणे हे ज्यांचे रोजचे काम, त्यांनी एवढ्या मोठ्या प्रकाशाच्या भिंतीसाठी निवडले ते प्रज्ञापारमिता हृदयसूत्र, म्हणजे शून्यतेविषयीचे बौद्ध सूत्र, आणि तेही खुणांच्या भाषेत. सूत्र म्हटले जाते ते हातांनी. म्हणजे कानावर काहीच पडत नाही याचे वैगुण्य वाटत नाही, कारण मुळात ऐकायचे असे त्यात काही ठेवलेलेच नाही. ज्याला खुणांची भाषा येते त्याला पाण्यापलीकडूनही मजकूर वाचता येतो. ज्याला येत नाही त्याला दिसतात ते कशाचा तरी नेमका अर्थ सांगणारे हात, आणि अर्थ आहे पण आपल्याला कळत नाही ही जाणीवही त्या सूत्राच्या आशयाला धरूनच आहे.

त्यानंतरच्या दोन कामांचा उल्लेख करायला हवा. चीनच्या यांग फुदोंग यांनी २०२४ मध्ये ‘स्पॅरो ऑन द सी’ हा कृष्णधवल चित्रपट खास त्या भिंतीसाठी हाँगकाँगमध्येच चित्रित केला. रंगांनी ओसंडणाऱ्या त्या किनाऱ्यावर भिंतभर करडा रंग पसरणे हाच एक ठाम निर्णय होता. शेजारच्या इमारतींशी चढाओढ करण्यापेक्षा त्यांच्या खेळातून बाहेर पडणे शहाणपणाचे असते. सिंगापूरचे हो त्झू न्येन यांनी २०२५ मध्ये ‘नाइट शराड्स’मध्ये हाँगकाँगच्या गाजलेल्या चित्रपटांतले प्रसंग मूकाभिनयाच्या खेळासारखे सचेतपटातून (ॲनिमेशनमधून) मांडले. ज्या शहराच्या दोन पिढ्या ते चित्रपट पाहत मोठ्या झाल्या, त्या शहराने ओळखावे की हा कोणता प्रसंग. येथेही शब्द नाहीत, पण ओळखण्याचा खेळ आहे, आणि खेळ म्हटला की वाटसरू दोन मिनिटे जास्त थांबतो.

त्याच बंदराकाठी, एम प्लसपासून जवळच, ११८ मजल्यांची आणि ४८४ मीटर उंचीची आयसीसी (इंटरनॅशनल कॉमर्स सेंटर) ही इमारत आहे. तिचा दर्शनी भाग एम प्लसच्याही आधीपासून कलेला अधूनमधून मिळत आला आहे, आणि माझ्या मते खुल्या प्रदर्शनांचा सगळा पेच तिच्या दोन-तीन वर्षांच्या इतिहासात सापडतो. मार्च २०१५ मध्ये चीनच्या त्साओ फेई यांनी तेथे ‘सेम ओल्ड, ब्रँड न्यू’ ही कलाकृती केली. जुन्या व्हिडिओ गेममधली ठोकळेबाज पात्रे त्या मनोऱ्यावर धावू लागली. इमारतीवरचे दिवे विरळ असल्यामुळे बारीक तपशील दिसत नाहीत, तेव्हा मुळातच ठोकळ्यांची असलेली चित्रे निवडणे ही साधी पण हुशार युक्ती होती. २०१६ च्या मार्चमध्ये जपानचे तात्सुओ मियाजिमा यांचे ‘टाइम वॉटरफॉल’ तेथे आले. १ ते ९ हे आकडे वेगवेगळ्या आकारांत आणि गतीने मनोऱ्यावरून खाली कोसळत राहतात. मियाजिमा यांच्या कामांत शून्य कधीच दाखवले जात नाही. शून्याच्या जागी आकडा विझतो, क्षणभर काळोख होतो आणि मोजणी पुन्हा सुरू होते. मरण आणि पुन्हा जगणे यांविषयीचा बौद्ध विचार त्यामागे आहे, पण तो ठाऊक नसतानाही कोसळणारे आकडे पाहत राहावेसे वाटतात.

दोनच महिन्यांनी त्याच मनोऱ्यावर पुन्हा आकडे आले. हाँगकाँगच्या कला विकास परिषदेने भरवलेल्या सार्वजनिक माध्यमकला प्रदर्शनात सॅम्पसन वाँग आणि जेसन लॅम या दोन तरुण कलावंतांची ‘अवर सिक्स्टी-सेकंड फ्रेंडशिप बिगिन्स नाऊ’ ही कलाकृती होती आणि तिच्या अखेरच्या मिनिटात नऊ आकडी संख्या एकेका सेकंदाने कमी होताना दिसत होती. मूळ निवेदनात मिनिटभराच्या मैत्रीविषयीची एक हळवी कल्पना मांडलेली होती. मग कलावंतांनी जाहीर केले की ही संख्या म्हणजे १ जुलै २०४७ पर्यंत उरलेले सेकंद आहेत. १९९७ मध्ये ब्रिटनने हाँगकाँग चीनच्या हवाली केले तेव्हा ‘एक देश, दोन व्यवस्था’, म्हणजे चीनमध्ये राहूनही हाँगकाँगची वेगळी व्यवस्था, या सूत्राला जी ५० वर्षे कबूल केली होती, ती त्या वेळी संपतात. चीनचे ज्येष्ठ नेते झांग देजियांग नेमके त्याच सुमारास हाँगकाँगच्या दौऱ्यावर होते. काही दिवसांतच कलाकृती उतरवण्यात आली. कलावंतांनी शीर्षक आणि निवेदन आमच्या संमतीवाचून बदलले, हा विश्वासभंग आहे, असे कारण परिषदेने दिले.

हा प्रसंग केवळ सेन्सॉरशिपची आणखी एक गोष्ट म्हणून सांगितला जातो तेव्हा त्यातला सर्वांत विलक्षण भाग निसटतो असे मला वाटते. मनोऱ्यावरचा एकही दिवा बदलला नव्हता. तीच संख्या, तीच गती. आदल्या दिवशी ती शोभेचे घड्याळ होती आणि दुसऱ्या दिवशी राजकीय विधान झाली, ती केवळ एका वाक्यामुळे, आणि ते वाक्य पडद्यावर नव्हतेच. दालनात कलाकृतीशेजारी पाटी असते. रस्त्यावर पाटी नसते, म्हणून कलाकृतीचा अर्थ वर्तमानपत्रांत, फोनवर आणि लोकांच्या बोलण्यात लिहिला जातो, आणि तो तेथे लिहिला गेला की आयोजकाच्या हातात एकच गोष्ट उरते: दिवे बंद करण्याचे बटण. मियाजिमांचे आकडे शून्य टाळत राहिले. वाँग आणि लॅम यांचे आकडे शून्याकडे निघाले होते. पहिल्या आकड्यांना शहराने कौतुकाने पाहिले आणि दुसऱ्यांना आठवडाही मिळाला नाही.

पडद्याचा मालक कोण, हा प्रश्न पुढेही आला. मार्च २०२३ मध्ये हाँगकाँगच्याच कॉजवे बे भागातील एका मोठ्या दुकानाच्या पडद्यावरून अमेरिकी कलावंत पॅट्रिक अमाडॉन यांची चित्रफीत काढून टाकण्यात आली, कारण तिच्यात तुरुंगात टाकलेल्या आंदोलकांची नावे डोळ्यांना टिपता येणार नाहीत इतक्या वेगाने चमकत होती. कोणालाच वाचता न येणारी नावे, तरीही तीही सहन झाली नाहीत. हे कलावंत आशियाई नाहीत, पण पडदा आशियातला होता, आणि या विषयात कलावंताच्या पासपोर्टपेक्षा पडद्याचा पत्ता अधिक बोलतो.

टाइम्स स्क्वेअरची पद्धत वेगळी आहे, आणि तिच्यात एक प्रामाणिकपणा आहे. २०१२ पासून तेथे ‘मिडनाइट मोमेंट’ चालते: रोज रात्री ११ वाजून ५७ मिनिटांपासून मध्यरात्रीपर्यंत चौकातले अनेक जाहिरात-पडदे एकाच कलावंताला दिले जातात आणि महिनाभर तीच कलाकृती दिसते. रोज तीन मिनिटे म्हणजे काहीच नाही, हे खरेच. पण ती तीन मिनिटे ठरलेली असल्यामुळे पाहायला येणारा माणूस वेळ साधून येऊ शकतो, आणि रस्त्यावरच्या पडद्याकडून प्रेक्षकाला मिळणारी ही फार दुर्मीळ सवलत आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये जपानच्या र्‍योजी इकेदा यांनी तेथे काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे ‘टेस्ट पॅटर्न’ लावले आणि रंगीत जाहिरातींचा तो चौक तीन मिनिटांपुरता बारकोडसारखा दिसू लागला.

पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०१५ मध्ये, शाहझिया सिकंदर यांचे ‘गोपी-कंटेजन’ आले. सिकंदर लाहोरच्या, तेथील नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्समध्ये त्यांनी लघुचित्रांचे शिक्षण घेतले. लघुचित्र म्हणजे हातात धरून, डोळ्यांजवळ नेऊन पाहायची गोष्ट, एकट्याने, सावकाश. ती कला शिकलेल्या माणसाला जगातल्या सर्वांत गजबजलेल्या चौकातले पडदे मिळाल्यावर सोपा मार्ग एकच होता, लघुचित्र मोठे करून लावणे, आणि ते केले असते तर सारे फसले असते. त्यांनी गोपींचे अंबाडे घेतले. कृष्णकथेच्या लघुचित्रांत गोपींचे केस विशिष्ट बाह्यरेषेत काढलेले असतात. त्या बाह्यरेषा शरीरापासून सुटतात, काळ्या ठिपक्यांसारख्या हवेत तरंगतात, एकाच्या दहा आणि दहांच्या हजार होतात आणि पाखरांच्या थव्यासारख्या एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर सरकतात. हा केसांचा थवा त्यांच्या २००३ च्या ‘स्पिन’ या सचेतपटात आधी आला होता. तेथे गोपी मुघल दरबारात गर्दी करतात. चौकात आल्यावर दरबार गेला, गोपीही गेल्या, फक्त थवा उरला. खाली उभ्या असलेल्या बहुतेकांना गोपी कोण हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि तसे ठाऊक असण्याची गरजही कलाकृतीने ठेवली नाही. आपल्याला मात्र त्या काळ्या ठिपक्यांत रासलीला दिसते, हा आपला लाभ.

सोलविषयी माझे मत थोडे कडू आहे. रेल्वे स्थानकासमोरच्या सोल स्क्वेअर या इमारतीवर २००९ मध्ये ९९ मीटर रुंद आणि ७८ मीटर उंच असा प्रकाशपट बसवला गेला. दिवे सुमारे ४२ हजार, म्हणजे चौरस मीटरला पाच-सहाच, आणि म्हणून तेथे नुसत्या बाह्यरेषेने काढलेली चालणारी माणसे उत्तम दिसली. ती ब्रिटिश कलावंत ज्युलियन ओपी यांची होती, पण साधनाच्या मर्यादेतून शैली कशी निघते हे त्यांत शिकण्यासारखे होते. मर्यादा गेली की काय होते ते गंगनममधल्या कोएक्स परिसरात दिसते. तो भाग २०१६ मध्ये बाह्य जाहिरातींसाठी मुक्त क्षेत्र म्हणून ठरवला गेला आणि तेथल्या सुमारे ८० मीटर लांब व २० मीटर उंच, कोपऱ्याला वळलेल्या पडद्यावर २०२० मध्ये ‘डिस्ट्रिक्ट’ या कंपनीची ‘वेव्ह’ ही चित्रफीत आली. काचेच्या टाकीत कोंडलेली लाट उसळते आणि काच फोडून अंगावर येईल असे वाटते. हा भास इमारतीच्या कोपऱ्याला धरून चित्राचा दृष्टिकोन वाकवल्याने होतो आणि तो एका ठरावीक दिशेनेच पूर्ण दिसतो. बाजूला सरकले की लाट तिरकी होते. महासाथीच्या वर्षात जगभर त्या लाटेची चित्रफीत फिरली आणि तिचे कौशल्य वादातीत आहे. पण तिचा सर्वांत चांगला प्रेक्षक फोनचा कॅमेरा आहे, योग्य कोनात धरलेला. फोटो निघाला की माणूस पुढे जातो, आणि पडदाही पुढच्या जाहिरातीकडे जातो. दोघांनाही एकमेकांकडून आणखी काही नको असते. अलीकडे आशियातल्या अनेक चौकांत अशीच मांजरे आणि देवमासे पडद्याबाहेर डोकावू लागले आहेत आणि त्यांना सार्वजनिक कला म्हटले जाते, ते मला पटत नाही.

एलईडीच्या भिंतींची एवढी चर्चा झाल्यावर प्रोजेक्टरविषयी थोडे बोलायला हवे, कारण दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. एलईडीची भिंत स्वतः उजळते आणि तिच्यामागची इमारत नाहीशी होते. प्रोजेक्टर मात्र असलेल्या भिंतीवर प्रकाश टाकतो. काळा रंग त्याला टाकताच येत नाही, तेथे भिंतीचाच रंग दिसत राहतो, आणि दगडाचे सांधे, कोनाडे, खिडक्या चित्रात शिरतात. मुंबईत काम करणाऱ्या नलिनी मलानी यांची ‘इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड’ ही कलाकृती मुळात २०१२ च्या डॉक्युमेंटा प्रदर्शनासाठी केलेली, फिरत्या पारदर्शक नळकांड्यांवरची चित्रे आणि त्यांच्या सावल्या यांची. शीर्षक उर्दू कवी फैज़ यांच्या कवितेवरून आलेले. ऑगस्ट २०१४ मध्ये, पहिल्या महायुद्धाला शंभर वर्षे झाली त्या निमित्ताने, ती एडिंबरातल्या स्कॉटिश नॅशनल गॅलरीच्या दगडी दर्शनी भागावर प्रक्षेपित झाली. ऑगस्टात तेथे नीट काळोख पडायलाच रात्रीचे दहा वाजत येतात, म्हणजे प्रोजेक्टरला सूर्याची वेळ पाळावी लागते, एलईडीला ती लागत नाही. स्त्रीचा चेहरा आणि त्याच्यावरून सरकणारी अक्षरे त्या अभिजात पाश्चात्त्य वास्तूवर पडली, तेव्हा ज्या साम्राज्याच्या युद्धात वसाहतींतले सैनिक लढले त्याच साम्राज्याची वास्तुशैली कागदासारखी खाली होती. एलईडीच्या पडद्यावर हे जमले नसते. तेथे इमारत पुसली गेली असती.

एक तक्रार नोंदवून पुढे जाते. अनेक शहरांतले आयोजक ‘आशियाई व्हिडिओ कला’ असे नाव देऊन दहा-पंधरा चित्रफिती एकामागून एक जोडतात आणि ती माळ चौकात फिरवत ठेवतात. सोलच्या ‘लूप’ या १९९९ मध्ये सुरू झालेल्या कलाकेंद्राने २००४ पासून ‘मूव्ह ऑन एशिया’ ही प्रदर्शनमालिका चालवली, जकार्ताच्या ‘रुआंगरुपा’ या समूहाने २००३ पासून ‘ओके व्हिडिओ’ हा महोत्सव भरवला. या उपक्रमांनी शेजारी देशांतल्या कलावंतांना एकमेकांचे काम प्रथम दाखवले आणि त्यांचे मोल मोठे आहे. पण तेथे प्रेक्षक बसलेला होता. चौकातल्या माळेत कोणती चित्रफीत कोणाची हे कळायला मार्ग नसतो, संवाद असलेली कामे आवाजाविना मुकी होतात आणि उपशीर्षके रस्त्यापलीकडून वाचता येत नाहीत. एका महिन्याला एकच कलाकृती आणि पदपथावर, डोळ्यांच्या उंचीला, नाव व वेळ सांगणारी एक पाटी, एवढे झाले तरी अर्धे काम होईल.

वाटसरूला नुसते पाहायला लावण्याऐवजी काही करायला देणे, हा दुसरा मार्ग. २००९ मध्ये मेलबर्नचा फेडरेशन स्क्वेअर आणि कोरियातील इंचॉन शहराचा सोंग्दो भाग यांतले मोठे पडदे एकमेकांना जोडले गेले आणि ‘एसएमएस ओरिजिन्स’ या कामात दोन्हीकडच्या लोकांनी आपले आणि आपल्या आईवडिलांचे जन्मस्थान फोनवरून कळवले. त्या नोंदींतून दोन्ही पडद्यांवरच्या नकाशावर वक्र रेषा उमटत गेल्या. त्याच्याही आधी, २००५ मध्ये, मुंबईच्या जनरल पोस्ट ऑफिसच्या परिसरात अशोक सुकुमारन यांनी ‘ग्लो पोझिशनिंग सिस्टिम’ मांडले होते. चौकाभोवतीच्या इमारतींवर दिव्यांची माळ आणि खाली हाताने फिरवायचा एक दांडा. दांडा फिरवला की उजेड इमारतींवरून गोल सरकत जाई. पडदा नाही, चित्रफीत नाही, तरी चित्रपट सुरू होण्याआधीच्या काळातला तो फिरता देखावा होता आणि त्याची गती दांडा धरणाऱ्याच्या हातात होती. मोठ्या भिंतीसमोरचा माणूस जेवढा निरुपाय असतो तेवढा येथे तो मुळीच नव्हता.

शायना आनंद यांनी २००६ मध्ये दिल्लीच्या खिडकी एक्स्टेंशन वस्तीत केलेले ‘खिडकीयां’ मला या सगळ्या परंपरेत सर्वांत धीट वाटते. वस्तीतल्या चार ठिकाणी चार साधे टीव्ही संच, प्रत्येकावर एक स्वस्तातला कॅमेरा आणि माइक, आणि सगळ्यांना जोडणारी केबल. पडद्याचे चार भाग, प्रत्येक भागात एका ठिकाणची माणसे. कोणी दाखवणारा नव्हता आणि कोणी नुसता पाहणाराही नव्हता. एकाच गल्लीत राहूनही ज्यांची गाठ पडत नसे ते शेजारी त्या संचांतून एकमेकांशी बोलू लागले. मोठ्या भिंतींवर जो आवाज पहिल्या पायरीलाच सोडून द्यावा लागतो, तो येथे मुख्य होता, आणि कलाकृती पाहायला थांबलेला माणूस जाता जाता थांबलेला नव्हता, तो आपल्या दारातच होता. हीच रचना शंभर मीटरच्या दर्शनी भागावर आणायला तंत्राची कसलीच अडचण नाही; फक्त तेथे लोकांच्या थेट बोलण्याला आधी परवानगी द्यावी लागेल, आणि एका मनोऱ्याला उलटे मोजणारे नऊ आकडे जेथे पेलले नाहीत, तेथे ती परवानगी कोण मागणार आणि कोण देणार, हा प्रश्न मी अजून कोणत्याही आयोजकाला उघडपणे विचारताना पाहिलेला नाही.